वही झोपलेली, मग रेघ उभी कशी?



एक साधा प्रश्न विचारते. आज दिवसभरात तुम्ही 'उभी रेघ मार', 'आडवी रेघ मार' हे शब्द किती वेळा म्हणालात? मी एकदा मोजायला घेतलं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत नाद सोडून दिला. समास आखायचा तर उभी रेघ. काना द्यायचा तर उभी रेघ. शिरोरेघ आडवी. बेरीज उभ्या मांडणीत. परिपाठाला मुलांची रांग उभी. हे शब्द इतके सवयीचे आहेत की ते मुलांना शिकवावे लागतात असं आपल्याला वाटतच नाही. मलाही वाटत नव्हतं. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलाने ते वाटायला लावलं. त्यासाठी त्याला किंमत मोजावी लागली, आणि ती माझ्यामुळे. म्हणून हे लिहिते आहे.

त्या दिवशी भूमिती चालू होती. मी फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेषा काढली आणि मुलांना वहीत काढायला सांगितली. मागच्या बाकावरून हात वर आला. त्याचं नाव लिहीत नाही, वडील गवंडीकाम करतात एवढंच सांगते. म्हणाला, "बाई, वही तर झोपलीय. मग रेघ उभी कशी?"

वर्ग हसला. तो चाळीस मिनिटांचा तास होता, त्यातली पंचवीस मिनिटं संपली होती, आणि मला वाटलं हा पोरगा मजा करतोय. मी म्हटलं, "जास्त शहाणपणा नको. फळ्यावर आहे तशी काढ." वर्ग पुन्हा हसला. या वेळी माझ्या बाजूने.

पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. त्यात एक प्रश्न होता, 'चित्रातील उभ्या रेषेला गोल करा.' त्याने कशालाच गोल केला नव्हता. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कागद बाकावर ठेवलाय.' मी लाल पेनाने फुली मारली आणि शून्य दिलं. प्रामाणिकपणे सांगते, फुली जरा जोरातच मारली. नंतर त्याचा हात वर येणं बंद झालं. ते माझ्या लक्षातही आलं नाही, कारण गप्प मुलं आपल्याला त्रास देत नाहीत.

लक्षात आलं ते वेगळ्याच कारणाने. शाळेच्या कुंपणभिंतीचं काम निघालं आणि त्याचे वडीलच कामाला होते. मधल्या सुट्टीत बघते तर हा पोरगा लेव्हलच्या पाइपाचं एक टोक धरून उभा. तुम्ही बघितली असेल ती पाइप, पारदर्शक, लांबलचक, आत पाणी भरलेलं. वडील पलीकडच्या खांबाशी दुसरं टोक धरून होते. हा ओरडत होता, "वर घ्या... अजून... खाली... बास! खूण करा." मध्ये मातीचा ढीग, एक उतार, वाकडीतिकडी पाइप. तरी दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीला आलं होतं. पाइपमध्ये बुडबुडा राहिला तर माप चुकतं, हेही त्यानेच मला सांगितलं, न विचारता. वर्गात महिनाभर तोंड न उघडलेला मुलगा.

त्या संध्याकाळी मी चाचणीचा गठ्ठा परत काढला. त्याचा पेपर टेबलावर ठेवला आणि बघत बसले. पेपर टेबलावर सपाट पडलेला. त्यावरच्या सगळ्या रेषाही पडलेल्या. उभी म्हणावी अशी एकही नव्हती. त्याचं उत्तर बरोबर होतं.

आता 'बरोबर' म्हणजे नेमकं काय, ते बघू. माझ्याही डोक्यात गोंधळच होता, कागदावर लिहून काढल्यावर थोडा सुटला.

आपल्या भाषेत 'उभा' हा शब्द निदान दोन वेगळी कामं करतो. एक गवंड्याचा उभा. ओळंबा सोडला की दोरी जी दिशा दाखवते ती. ती पृथ्वीच्या ओढीने ठरते, आपण कुठे बसलोय, मान कशी वाकवलीय याच्याशी तिला घेणंदेणं नाही. आणि त्या दिशेशी काटकोन करणारं ते आडवं, साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग दाखवतो ते. दुसरा उभा आहे वस्तूचा स्वतःचा. 'कांदा उभा चिरा' म्हणतो तेव्हा कांदा पाटावर कसाही पडलेला असो, आपण त्याच्या देठापासून मुळाकडे जाणारी चीर म्हणत असतो. कापडात उभा धागा आणि आडवा धागा असतो, मग ते कापड दोरीवर वाळत घातलेलं असो की घडी करून कपाटात ठेवलेलं. वहीतली उभी रेघ ही या दुसऱ्या जातीची. वाचणाऱ्याच्या पोटाकडून समोर जाणारी ती उभी, डावीकडून उजवीकडे जाणारी ती आडवी. ('उभा महाराष्ट्र' मधला उभा हा तिसराच, तो आज राहू दे.)

फळ्यावर हे दोन्ही उभे एकावर एक येतात. फळा भिंतीवर आहे, म्हणून मी काढलेली रेघ कागदाच्या अर्थानेही उभी आणि ओळंब्याच्या अर्थानेही उभी. मुलं ती बाकावरच्या वहीत उतरवतात तेव्हा ओळंब्याचा अर्थ गळून पडतो आणि नुसता कागदाचा उरतो. आपण मोठी माणसं ही उडी कधी मारली ते विसरून गेलेलो असतो. त्या मुलाच्या घरात 'उभं' हा शब्द रोज भिंतीसाठी वापरला जातो, आणि तिथे सुतभर चुकला तर बाप भिंत पाडून परत बांधतो. त्याला उडी मारता येत नव्हती असं नाही. उडी आहे हे त्याला दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं.

परिपाठाची रांग आठवली आणि हसू आलं. 'उभी रांग करा, आडवी रांग करा.' दोन्ही रांगा मैदानावर सपाट!

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याला सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी चुकले. पेपरवर शून्याचे गुण करून सही केली. तो काही बोलला नाही, खाली बघत राहिला. अशा वेळी मुलं लगेच खुलतात असं गोष्टींत असतं. हा नाही खुलला. मग मी म्हटलं, "वडलांकडे जुना ओळंबा असेल तर दोन दिवसांसाठी आणशील का?" तेवढी मान हलली.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी पियाजेच्या चार अवस्था पाठ केल्या, टीईटीला पुन्हा केल्या. पण याच पियाजेने बार्बेल इनहेल्डर यांच्यासोबत मुलांच्या अवकाशाच्या कल्पनेवर अख्खं पुस्तक लिहिलं, १९४८ साली, हे मला आता कुठे कळलं. त्यात त्यांनी मुलांना अर्धी भरलेली बाटली दाखवली आणि ती तिरकी केली तर पाणी कसं दिसेल ते काढायला सांगितलं. लहान मुलं पाण्याची रेघ बाटलीच्या बुडाला समांतर काढतात, म्हणजे बाटलीबरोबर पाणीही कलतं. मी करून बघायचं ठरवलं. बाटली सरळ ठेवून सगळ्यांना दाखवली, मग फडक्यात गुंडाळून तिरकी धरली आणि आतलं पाणी काढा म्हटलं. चौथीची पोरं, रोज हंड्या-कळशा बघणारी, आणि निम्म्याहून जास्त जणांनी पाणी तिरकं काढलं. फडकं काढल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, बाटली हलवू नका, पाणी सरळ होतंय!" म्हणजे तिला वाटलं मीच काहीतरी चलाखी करतेय. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं होतं, त्यामुळे रेघ स्पष्ट दिसत होती. बाटली हळूहळू आडवी होईपर्यंत फिरवली, पाण्याची रेघ जागची हलेना.

तोच प्रकार डोंगरावरच्या झाडांचा. मुलांची चित्रं आठवा. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, आणि डोंगराच्या उतारावर झाडं अशी काढलेली की जणू साळिंदराचे काटे, उताराला काटकोनात. आमची शाळाच डोंगराच्या कुशीत आहे. खिडकीतून समोरच्या उताराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, झाडं कशी उभी आहेत? सगळे गप्प. मग एकाने खाली चित्राकडे बघितलं, वर डोंगराकडे बघितलं, आणि खोडरबर मागितलं. रोज दिसतं ते लक्षात येतंच असं नाही. मी स्वतः शाळेत असताना अशीच झाडं काढत होते आणि मला चित्रकलेत चांगला शेरा मिळत होता.

तिसऱ्या दिवशी ओळंबा आला. लोखंडाचा, जड, वर दोरी, आणि दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा. तो ठोकळा कशासाठी हे मला माहीत नव्हतं. त्या मुलानेच पुढे येऊन दाखवलं. ठोकळ्याची रुंदी खालच्या गोळ्याइतकीच असते. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा, गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत उभी. अंतर राहिलं तर भिंत खाली आत गेलीय. गोळा भिंतीला घासून रेलला तर भिंत खाली बाहेर आलीय. मी बाजूला उभी राहिले, त्यानेच सगळ्यांना करून दाखवलं. दाराची चौकट, खिडकी, कपाट, ध्वजस्तंभ, सगळं तपासून झालं. फळ्याची चौकट एका बाजूला कललेली निघाली. इतकी वर्षं मी ज्या कडेला धरून 'उभी' रेघ मारत होते ती उभी नव्हती!

यातून गणिताकडे परत येऊ, कारण पालकांना प्रश्न पडेल की याचा गुणांशी काय संबंध. खूप आहे.

फळ्यावर चौरस काढा, मुलं 'चौरस' म्हणतात. तोच चौरस टोकावर उभा केला की वर्गातून उत्तर येतं, "शंकरपाळी!" बाजू तेवढ्याच, कोन तेवढेच, पण कडा उभ्या-आडव्या राहिल्या नाहीत म्हणून मुलांच्या लेखी तो चौरसच राहिला नाही. काटकोनाचंही तसंच. एक बाजू आडवी असेल तर काटकोन ओळखतात, तिरका ठेवला की डोकं खाजवतात. यात दोष आपला आहे. आपण कायम तसाच काढून दाखवतो. 'लंब' आणि 'उभी' या दोन शब्दांची गाठ आपणच मारून ठेवतो. लंब ही दोन रेषांमधली आपापसातली गोष्ट. कागद हवा तसा फिरवा, लंब लंबच राहते. उभी मात्र कागद फिरवला की उभी राहत नाही. हा फरक चौथीत कळला नाही तर पुढे त्रिकोणाच्या क्षेत्रफळाशी पोरं अडतात. सूत्र पाठ असतं, अर्धा गुणिले पाया गुणिले उंची. पण त्रिकोण तिरका दिला की शिरोबिंदूतून रेघ सोडतात ती कागदाच्या खालच्या कडेकडे, पायाशी काटकोन होतो की नाही ते न बघता. वरच्या वर्गांचे शिक्षक म्हणतात, 'प्राथमिकला पाया कच्चा राहिला.' इथे तरी त्यांचं खरं आहे.

मी आता एक करते. कंपासपेटीतला गुण्या हातात देते आणि एका कागदावर मुद्दाम वाकड्यातिकड्या ठेवलेल्या आकृत्या देते. काटकोन शोधायचे ते डोळ्याने नाही, गुण्या लावून. आणि वही फिरवायला पूर्ण परवानगी. पूर्वी मी 'वही सरळ धर' म्हणून ओरडायचे, आता 'फिरवून बघ' म्हणते.

बेरजेच्या उभ्या मांडणीत 'उभं' आणखी वेगळं काम करतं, तिथे उभं म्हणजे 'एकाच स्थानाचं'. एककाखाली एकक, दशकाखाली दशक. ४७ + ८ आडव्या मांडणीत दिलं की काही मुलं उभं लिहिताना ८ हा ४ च्या खाली मांडतात, कारण त्यांच्यासाठी उभं म्हणजे फक्त 'खाली लिही'. चौकटीची वही दिली की चूक कमी होते, समज वाढली असं मात्र नाही. मी काड्यांचे गठ्ठे मांडून घेते, यावर अधिक काही बोलत नाही, तुम्ही करताच.

भूगोलाचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. भिंतीवरचा नकाशा दाखवून विचारलं, उत्तर दिशा कुठे? दुसरीतल्या एका चिमुरडीने बोट छताकडे केलं. नकाशात उत्तर वर असते ना! तेव्हापासून नकाशा शिकवताना मी तो भिंतीवरून काढून जमिनीवर पसरते, सूर्य उगवतो तिकडे पूर्व येईल असा फिरवते आणि मग शिकवते. नकाशा वहीसारखाच झोपवावा लागतो.

आणि विज्ञान. 'खाली' म्हणजे काय? आम्ही एक मोसंबं घेतलं आणि त्यात चारी बाजूंनी टाचण्या टोचल्या. प्रत्येक टाचणी म्हणजे त्या त्या गावचा ओळंबा. प्रत्येक टाचणी आपल्या जागी उभी, तरी एकही दुसरीला समांतर नाही. साऱ्या आत मध्याकडे बघतात. "मग खालच्या बाजूची माणसं पडत नाहीत का?" हा प्रश्न दरवर्षी येतो. या वर्षी उत्तर एका मुलीनेच दिलं. "त्यांचं खाली वेगळं आहे." मी यात काही भर घातली नाही.

घरी बसून मी थोडं गणित केलं. पृथ्वीवर साधारण १११ किलोमीटर गेलं की ओळंब्याची दिशा एक अंशाने बदलते. मुंबई आणि पुणे सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर. म्हणजे मुंबईचा ओळंबा आणि पुण्याचा ओळंबा यांत एका अंशाहून थोडा जास्त कोन आहे, कंपासपेटीतल्या कोनमापकावरच्या एका बारीक रेघेएवढा. गवंड्याला याची फिकीर नसते, पण फार मोठ्या बांधकामात ती करावी लागते. न्यूयॉर्कला १९६४ मध्ये सुरू झालेल्या व्हेराझानो पुलाचे दोन मनोरे दोन्ही अगदी उभे आहेत, तरी वरच्या टोकाशी ते पायथ्यापेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर जास्त दूर आहेत. पृथ्वी गोल आहे म्हणून.

आपल्याकडची गोष्ट याहून भारी आहे. १९ व्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाताखाली भारताची मोजणी चालू होती. उत्तरेकडचं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवर त्रिकोण मोजून काढलं आणि ताऱ्यांचे वेध घेऊनही काढलं. दोन्हींत सुमारे ५ सेकंदांचा फरक आला. सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. १८५५ मध्ये जॉन प्रॅट यांनी हिशेब मांडला की हिमालय ओळंब्याला आपल्याकडे खेचतो. पण त्यांच्या हिशेबाने फरक जवळजवळ तिप्पट यायला हवा होता. एवढा मोठा हिमालय, मग ओढ कमी का? त्याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की डोंगराखालचा भाग आजूबाजूच्या मानाने हलका असतो. एका ओळंब्याने डोंगराच्या पोटातलं सांगितलं! हे मी वर्गात गोष्ट म्हणून सांगितलं. सेकंद वगैरे कोणाला कळलं नसेल, पण डोंगर दोरी ओढतो हे ऐकून सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

चाचणीतला तो प्रश्न मी आता असा विचारते, 'हा कागद भिंतीवर चिकटवला तर कोणती रेषा उभी दिसेल?' चार शब्द जास्त लागतात.

तो मुलगा वर्षअखेरीस पुन्हा थोडं बोलायला लागला, पूर्वीइतकं नाही. आमची शाळा चौथीपर्यंतच, आता तो पाचवीला शेजारच्या गावात जातो. निकालाच्या दिवशी त्याचे वडील ओळंबा न्यायला आले. मी म्हटलं, "दादा, तुमच्या ओळंब्यामुळे आमचा एक धडा झाला." ते हसले. म्हणाले, "व्हय बाई, पर ह्यो आता घरात समदीकडं लेव्हल लावून बघतोय. काल मोरी बघून म्हणतोय, फरशी आडवी न्हाई, चुकलीय. त्याला म्हटलं, येड्या, मोरीला ढाळ द्यावा लागतो, न्हाईतर पाणी निघंल कुठनं?"

पोरगा शेजारी उभा होता. म्हणाला, "बाई, मग किती ढाळ द्यायचा, ते कशानं मोजतात?"

मी वडिलांकडे बघितलं, वडिलांनी माझ्याकडे. मग ते खाली बसले आणि बोटाने मातीत रेघ काढून त्याला सांगायला लागले. मीही बसले.